बारावीनंतर सैन्यात जायचंय? आधी दरवाजा ठरवा, मग गणवेश

जवानांना चार वर्षांसाठी घेणारी अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. तिच्यातून आलेली पहिली मुलं २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. म्हणजे २०२६ संपता संपता त्यांची चार वर्षं भरू लागतात, आणि मूळ नियमाप्रमाणे त्यातली जास्तीत जास्त २५ टक्के मुलं सेवेत कायम होतात. बाकीची पैसे आणि प्रमाणपत्र घेऊन घरी परततात. त्यामुळे बारावीचं पोर असलेल्या घरात आता जुन्या प्रश्नाला नवी धार आली आहे. सैन्यात जायचं तर कुठे? आर्मीत, नेव्हीत की एअर फोर्समध्ये?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो बहुतेक घरांत फार लवकर विचारला जातो. त्याच्याआधी तीन गोष्टी ठरतात: तुम्ही अधिकारी म्हणून जाणार की जवान म्हणून, अकरावीला कोणते विषय घेतलेत, आणि तुमचे डोळे व हाडं काय सांगतात. या तिन्हींची उत्तरं हाती आली की तीनपैकी एखादं दल बऱ्याचदा आपोआपच गळून पडतं. दुःख याचं की पुष्कळ मुलांना हे बारावीचा निकाल लागल्यावर कळतं, आणि तोवर अकरावीचा अर्ज भरून दोन वर्षं उलटलेली असतात.

दरवाजे दोन आहेत

तिन्ही दलांत माणसं दोन पातळ्यांवर घेतली जातात. एक अधिकारी. त्यांना राष्ट्रपतींच्या नावाने अधिकारपत्र मिळतं, त्याला कमिशन म्हणतात. दुसरे जवान, नौदलात त्यांना नौसैनिक आणि हवाई दलात वायुसैनिक किंवा एअरमन म्हणतात. आज जवानांची नवी भरती जवळजवळ सगळी अग्निवीर म्हणजे अग्निपथ योजनेतले जवान म्हणूनच होते.

बारावीवर अधिकारी होण्याचा मुख्य रस्ता एनडीए, म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, लग्न झालेलं नको, आणि बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. निवड झाली की तीन वर्षं खडकवासल्याला, पुढे भूदलाचे छात्र देहरादूनच्या आयएमएत, नौदलाचे केरळातल्या एझिमला इथे आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या दुंडिगलला जातात. शेवटच्या टप्प्यात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. हाती पदवी पडते आणि पुढे कायम नोकरी व पेन्शन असते.

एनडीएशिवाय बारावीवर आणखी दोन तांत्रिक प्रवेश आहेत: भूदलाची टेन प्लस टू टेक्निकल एंट्री आणि नौदलाची टेन प्लस टू बी.टेक. कॅडेट एंट्री. दोन्हींना वेगळी लेखी परीक्षा नाही. जेईई मेनच्या क्रमांकावरून मुलाखतीला बोलावतात. भूदलाला भौतिक, रसायन आणि गणितात मिळून ६० टक्के लागतात, नौदलाला ७० टक्के, शिवाय दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५०. इंजिनिअरिंगची तयारी करणाऱ्या मुलांच्या हातात हा पत्ता असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो. डॉक्टर व्हायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय, नीटच्या गुणांवर आहे.

दुसरा दरवाजा अग्निवीरचा. योजनेत वय साडेसतरा ते २१ असं आहे. तरी दर वर्षीच्या जाहिरातीत ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले’ असं छापतात, तेच खरं धरायचं. नोकरी चार वर्षांची. पगार पहिल्या वर्षी दरमहा ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दरमहा सेवानिधीत कापले जातात आणि तेवढीच रक्कम सरकार टाकतं. म्हणून पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. चार वर्षांत स्वतःचे सुमारे ५.०२ लाख आणि सरकारचे तितकेच जमा होतात. व्याज धरून सुमारे ११.७१ लाख करमुक्त मिळतात. ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता भरावा लागत नाही. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही.

हे दोन दरवाजे एका जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत असं समजून चालू नका. ‘आधी अग्निवीर होऊ, मग अधिकारी होता येईलच’ हा हिशेब फार थोड्यांचा जमतो. जवानातून अधिकारी होण्याच्या वाटा सैन्यात आहेत, पण त्या सेवेत कायम झालेल्यांतून आणि कडक निवडीनंतर मिळतात. साडेसोळा ते साडेएकोणीस या तीन वर्षांत एनडीएच्या परीक्षा पाच-सहा वेळा देता येतात. गणित बरं असलेल्या मुलाने त्या सोडून पहिल्या मिळेल त्या भरतीत धावायला जाणं हे मला मनापासून नुकसानीचं वाटतं.

अकरावीचा अर्ज भरतानाच अर्धा निर्णय होतो

एनडीएत भूदलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, कला आणि वाणिज्यसुद्धा. हवाई दल, नौदल आणि नौदल अकादमीसाठी (याच परीक्षेतून थेट एझिमलाला जाण्याच्या जागा) मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. आपल्याकडे नीटच्या नादात कितीतरी हुशार मुलं अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतात. त्या एका खुणेने खडकवासल्याचे दोन गणवेश गेले, तांत्रिक प्रवेशही गेले. दोन्ही विषय ठेवायची सोय कॉलेजात असेल तर ठेवावेत.

अग्निवीरमध्येही विषयांची चाळणी आहेच. भूदलाच्या जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ पुरतात. टेक्निकलला बारावी विज्ञान, भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजीसह एकूण ५० टक्के लागतात. क्लार्क आणि स्टोअरकीपरला कुठल्याही शाखेतून ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०, आणि त्यात इंग्रजी व गणित किंवा अकाउंट्स किंवा बुककीपिंग हवं. वाणिज्यच्या मुलांसाठी ही चांगली जागा आहे, त्याकडे फार कमी जण बघतात. नौदलाच्या एसएसआरला, म्हणजे बारावीवरच्या नौसैनिक भरतीला, बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. हवाई दलाच्या अग्निवीरवायूला विज्ञानाशिवायही जाता येतं, पण एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के हवेत. इथे ग्रामीण भागातली मुलं अडकतात: एकूण ७२ टक्के आणि इंग्रजीत ४६. असा अर्ज पहिल्याच छाननीत बाद होतो.

मुलींसाठी एनडीए २०२२ पासून खुली आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर हे झालं, आणि पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. जागा अजून थोड्या आहेत. अग्निवीरमध्ये नौदल आणि हवाई दल मुलींना घेतात, भूदल फक्त मिलिटरी पोलिसात घेतं.

डोळे, गुडघे आणि इंचपट्टी

मेडिकल ही शेवटची औपचारिकता आहे असं मानणं सगळ्यात महागात पडतं. दोन वर्षं अभ्यास करायचा, लेखी पास व्हायचं, मुलाखत काढायची आणि मग कळायचं की रंग ओळखता येत नाहीत, हे मुलाच्या आणि घरच्यांच्या जिवाला लागतं. टाळणं सोपं आहे: दहावीतच एका चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून चष्म्याचा नंबर, चष्म्याविना दिसणं आणि रंगदृष्टी तपासून घ्या.

चष्म्याच्या बाबतीत भूदलाची मर्यादा सर्वांत सैल आहे, नौदलाची कडक, आणि हवाई दलात विमान उडवण्यासाठीची सर्वांत कडक. नंबर लेझरने घालवून येऊ म्हणाल तर वयाच्या २० वर्षांआधी केलेली ती शस्त्रक्रिया एनडीएसाठी अपात्र ठरवते. म्हणजे या वयात तो उपाय करून दार कायमचं बंद होतं.

पायलटसाठी मोजमापही आहे. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडी ६४ पेक्षा जास्त नको. यामागे कारण आहे. पाय आखूड असतील तर रडरच्या पेडलपर्यंत पोचत नाहीत, आणि मांडी लांब असेल तर इजेक्शन सीट बाहेर फेकली जाताना गुडघे समोरच्या पॅनेलला आपटू शकतात. यात कुणी अधिकारी दया दाखवू शकत नाही.

सपाट तळवे, चालताना घासणारे गुडघे, कोपरातून जास्त बाहेर वळलेला हात, या गोष्टी बदलत नाहीत. ते आधी समजलं तर निदान दिशा बदलता येते. कानातला मळ, किडलेले दात, जास्तीचं वजन, हर्निया यांचा इलाज मात्र वेळेत करता येतो. दातांची तपासणी गुणांवर होते आणि किमान १४ गुण लागतात, तेव्हा किडलेली दाढ काढून टाकण्याऐवजी भरून घ्या. टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला मर्यादित प्रमाणात चालतो, इतरत्र नाही. जत्रेत हौसेने दंडावर गोंदवलेल्या नावामुळे मुलं परत आली आहेत.

अधिकारी निवडीत मेडिकलला बाद झालात तर तिथेच खचून गाडीत बसू नका. अपील वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. मुदत ४२ दिवसांची असते. तेवढ्यात जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते करून हजर व्हायचं.

एनडीएचा पेपर आणि पसंतीक्रम

लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणिताला ३०० गुण, १२० प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. दुसरा पेपर सामान्य क्षमतेचा, ६०० गुण, १५० प्रश्न, तेवढाच वेळ. त्यात २०० गुणांचं इंग्रजी आणि ४०० चं सामान्यज्ञान, ज्यात निम्मं विज्ञान असतं. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो.

मग एसएसबी, म्हणजे पाच दिवसांची मुलाखत, तिलाही ९०० गुण. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी आणि एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला व गटात बोलायला लावतात. बरीच मुलं त्याच संध्याकाळी घरी जातात. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या: १२ चित्रांवर गोष्टी, प्रत्येकी १५ सेकंदांत एक वाक्य असे ६० शब्द, अर्ध्या तासात ६० प्रसंग. नंतर मैदानावर गटाने करायची कामं, वैयक्तिक मुलाखत, आणि पाचव्या दिवशी सर्व परीक्षकांसमोर हजेरी. इथे पाठांतर उघडं पडतं, कारण तुम्ही चित्रावर लिहिलेलं, मैदानावर केलेलं आणि मुलाखतीत सांगितलेलं ते शेजारी ठेवून बघतात.

दलाचा पसंतीक्रम अर्जातच द्यावा लागतो. त्याचं काम इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडसारखं चालतं. एका तुकडीत खडकवासल्याला भूदलाच्या २०८, हवाई दलाच्या १२० आणि नौदलाच्या ४२ जागा असतात, नौदल अकादमीच्या थोड्या वेगळ्या. १८०० पैकी मिळालेले गुण, तुमचा पसंतीक्रम आणि तुमचं मेडिकल या तिन्हींचा मेळ घालून दल ठरतं. पसंती विचार न करता भरलेल्या मुलांचं नुकसान इथे होतं. हवाई दलाचं फ्लाइंग पहिलं टाकलं आणि डोळ्याला मर्यादेपेक्षा जास्त नंबर आहे, तर पहिली पसंती वाया. नको असलेलं दल लिहूच नये, आणि हवं असलेलं लिहायला विसरू नये.

फ्लाइंगसाठी आणखी एक चाचणी आहे, सीपीएसएस. यंत्रावर हात, पाय, डोळे एकत्र चालवून घेतात. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाल्यास पायलट होण्याचा रस्ता कायमचा संपतो, मात्र भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखा उघड्या राहतात. म्हणून ‘बघू तरी कसं असतं’ म्हणून झोप न झालेल्या अंगाने या चाचणीला बसू नये.

मग तिन्ही दलांत फरक काय?

पगारात नाही. भूदलाचा लेफ्टनंट, नौदलाचा सब-लेफ्टनंट आणि हवाई दलाचा फ्लाइंग ऑफिसर यांचं मूळ वेतन सारखंच, ५६,१०० पासून. उड्डाण, पाणबुडी, सियाचीन यांचे भत्ते वेगळे. फरक आहे तो जगण्यात.

भूदल सर्वांत मोठं, आणि तिथे जवान स्वतः शस्त्र घेऊन आघाडीवर असतो. दोन-तीन वर्षं सीमेवर, जिथे कुटुंब नेता येत नाही, मग काही काळ शांत ठाण्यावर, असं चक्र चालतं. भूदल म्हणजे फक्त पायदळ नव्हे. रणगाडे, तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स हेही त्यातच. आपल्या आसपासच बघा: अहिल्यानगरला रणगाडे आणि यंत्रसज्ज पायदळ, नाशिक-देवळालीला तोफखाना, खडकीला बॉम्बे सॅपर्स, कामठीला गार्ड्स, आणि बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्री.

नौदलात माणूस जहाजावर राहतो आणि प्रत्येकाकडे एक तांत्रिक काम असतं: इंजिन, रडार, शस्त्रं, रसद. महिनोन्महिने समुद्रावर, पण कुटुंब मुंबई, कोची, विशाखापट्टणम, कारवार, गोवा अशा ठिकाणी स्थिर राहू शकतं. पोहता येत नाही म्हणून कोकणाबाहेरची मुलं नौदल टाळतात. याला अर्थ नाही, पोहणं तिथे शिकवतात. नौसैनिकांचं पहिलं प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्काला होतं. सागरी इंजिनिअरिंग लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर शिकवतात.

हवाई दलात लढायला प्रामुख्याने अधिकारी जातात, आणि वायुसैनिक विमान, रडार, क्षेपणास्त्रं सज्ज ठेवतात. हे नीट समजून घ्या, कारण अग्निवीरवायू होऊन लढाऊ विमान उडवता येत नाही. वैमानिक व्हायचं तर अधिकाऱ्याच्याच दरवाजाने जावं लागतं. त्या बदल्यात तांत्रिक हात तयार होतो आणि तळ बहुधा शहरांजवळ असतात. अग्निवीरवायूंचं प्रशिक्षण बेळगावच्या सांबऱ्याला होतं.

‘चार वर्षांनी काढून टाकतात, मग जायचं कशाला?’

ही शंका रास्त आहे. उत्तर मुलागणिक वेगळं. बारावी झालेला १८ वर्षांचा मुलगा २२ व्या वर्षी बाहेर येतो. त्या वेळी त्याच्याकडे पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम, शिस्त आणि केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांतल्या राखीव जागांचा हक्क असतो. इग्नूने अग्निवीरांसाठी आखलेल्या पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. ती पदवी चार वर्षांत पुरी केली तर बाहेर पडल्यावर पदवीधरांच्या परीक्षा देता येतात. ती न करणारा मुलगा २२ व्या वर्षी पुन्हा बारावी पासच असतो.

पण घरची शेती कर्जात आहे आणि पंधरा वर्षांचा पगार, मग पेन्शन, अशा भरवशावर कुणी मुलाला पाठवत असेल, तर तो भरवसा या योजनेत नाही. हे घरात आधीच बोलून घ्यावं. मध्येच स्वतःच्या मर्जीने सोडता येत नाही, चार वर्षं लग्न करता येत नाही, आणि कायम होणं हे गुणवत्ता व जागा यांवर आहे. ‘आतून सेटिंग आहे’ म्हणणारा एजंट फसवतो आहे, एवढं ठाम समजा.

‘मैदान मारलं की झालं’

आता नाही. भूदलाच्या अग्निवीर भरतीत आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग मैदान. चांगली गोष्ट म्हणजे ही परीक्षा मराठीतही देता येते. मैदानावर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पुरे केले तर ६० पैकी ६०, बीमवर १० पुल-अप्सना ४० पैकी ४०. शिवाय ९ फुटांचा चर ओलांडणं आणि नागमोडी बीमवर तोल सांभाळणं. साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर प्रत्येक फेरी ८२ सेकंदांत. मुलं पहिली फेरी ७० सेकंदांत मारतात आणि तिसरीत मोडतात. घड्याळ लावून समान फेऱ्यांचा सराव करा, मातीवर करा. भरतीच्या तीन आठवडे आधी डांबरी रस्त्यावर अचानक अंतर वाढवलं की नडगी दुखायला लागते आणि नेमकं तेव्हाच पळता येत नाही.

कागदपत्रांत आपल्याकडचा खास घोळ नावाचा असतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. सगळे कागद दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवून घ्या. ते काम अर्ज निघाल्यावर होत नाही, दोन-तीन महिने आधी लागतं. तहसीलचा अधिवास दाखला, पोलिस पाटील किंवा सरपंचाचा चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखलाही जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीतलाच हवा.

‘एनडीए इंग्रजी माध्यमवाल्यांचीच’

इंग्रजीला २०० गुण आहेत, हे खरं. पण गणिताला ३०० आणि विज्ञानाला २०० आहेत, आणि तो अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच आहे. महाराष्ट्र सरकारने यासाठी १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला मुलांची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था चालवली आहे. दहावीनंतर निवड होते, अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र होते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे, चंद्रपूरची २०१९ पासून. गावातल्या शिक्षकांनी नववीतच मुलांना या नावांची ओळख करून दिली पाहिजे, कारण या संस्थांत बारावीनंतर शिरता येत नाही.

आणि साडेएकोणीस उलटलं, एनडीए हुकली, तर?

पदवीनंतर यूपीएससीचीच सीडीएस परीक्षा आहे, हवाई दलासाठी त्यांची स्वतःची एएफकॅट परीक्षा आहे. त्याहून सोपा, पण कमी लोकांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे भूदलाची एनसीसी स्पेशल एंट्री. पदवीत ५० टक्के आणि एनसीसीच्या सी प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी असेल तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला बोलावतात. त्यासाठी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, प्रवेशाच्या आठवड्यातच एनसीसीत नाव घालायचं, कारण सी प्रमाणपत्राला लागणारी हजेरी आणि शिबिरं तिसऱ्या वर्षात एकदम भरून काढता येत नाहीत.